अंगठीच्या आतल्या अंगाला एक शब्द हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहापूरच्या सराफ गल्लीत चाळीस वर्षे पाटावर बसून मी दागिने घडवले. आता नजर मंदावली आहे, त्यामुळे हातात कानस कमी आणि वर्तमानपत्र जास्त असते. आपल्या दैनिकातील सोन्याच्या दराची चौकट मी सवयीने रोज वाचतो. मात्र हे पत्र सोन्याविषयी नसून सोन्यासारख्या दिसणाऱ्या एका वस्तूविषयी आहे. क्रिकेटच्या विश्वविजेत्या संघाला मिळालेल्या अंगठीची नक्कल हल्ली ऑनलाइन विकत मिळते, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील माझ्या पाहण्यातले अनेक तरुण ती आठवण म्हणून मागवतात व हौसेने बोटात घालतात. अशी नक्कल घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. देवाची तसबीर घरात लावणारा माणूस काही देऊळ चोरून आणत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, ती वस्तू नक्कल आहे हे त्या वस्तूवर कोठेही लिहिलेले नसते. ते लिहिलेले असले पाहिजे, आणि तसे का वाटते हे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

ज्यांच्या घरात अद्याप हे खूळ शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. 29 जून 2024 रोजी बार्बाडोसमधील ब्रिजटाऊन येथे भारताने दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. त्या संघातील खेळाडूंना भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने फेब्रुवारी 2025 मध्ये, मुंबईतील आपल्या वार्षिक पुरस्कार समारंभाच्या निमित्ताने, हिरेजडित अंगठ्या दिल्या आणि प्रत्येक अंगठीवर त्या त्या खेळाडूचे नाव व जर्सीचा क्रमांक कोरला. ही रीत आपली नव्हे. आपल्याकडे पैलवानाला गदा, कडे आणि फेटा, नाटकवाल्याला शाल आणि श्रीफळ. विजेत्या संघाला अंगठी देण्याची पद्धत अमेरिकेतली आहे. तेथे बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या 1922 च्या विजेतेपदापासून तिचे मूळ सांगतात, आणि जानेवारी 1967 मधील पहिल्या सुपर बोल सामन्यापासून अमेरिकन फुटबॉलच्या विजेत्यांना अंगठ्या मिळत आल्या आहेत. त्यामुळे तेथे प्रेक्षकांसाठी स्वस्त प्रतिकृती काढण्याची पद्धतही जुनी आहे. कित्येक संघ विजेतेपदानंतरच्या हंगामात एखाद्या सामन्याला लवकर येणाऱ्या प्रेक्षकांना दारातच अशी अंगठी फुकट वाटतात. घेणाऱ्यालाही ती खोटी आहे हे ठाऊक असते आणि देणाराही तसे सांगूनच देतो. आपल्याकडे वस्तू आली, पण तिच्याबरोबरचे हे सांगणे वाटेतच कोठेतरी गळून पडले.

माझा नातू येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने साडेअठराशे रुपये मोजून अशी एक अंगठी मागवली. आमचे घर आयपीएलच्या बाबतीत दुभंगलेले आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी आणि माझे व्याही मुंबई इंडियन्सचे, तर नातवंडे सगळी बेंगळुरूची. 3 जून 2025 च्या रात्री अठराव्या हंगामात बेंगळुरूने पंजाबला 6 धावांनी हरवून पहिल्यांदा आयपीएल जिंकली, तेव्हा आमच्या गल्लीतही फटाके वाजले आणि मला खिडकी लावून घ्यावी लागली. भारताच्या अंगठीबाबत मात्र घरात दोन मते नव्हती. ‘18’ क्रमांकाची घ्यावी की ‘45’ ची, एवढाच काय तो वाद झाला आणि अर्थातच विराटचा 18 जिंकला. विक्रेत्याच्या पानावर ‘ओरिजिनल’ हा शब्द तीन ठिकाणी होता. ‘प्रीमियम गोल्ड’ होता, ‘कलेक्टर्स एडिशन’ होता. प्रतिकृती, नक्कल, रेप्लिका यांपैकी एकही शब्द शोधून सापडला नाही. धातू कोणता, वस्तू कोठे बनली, बनवणारा कोण, याबद्दलही मौनच होते.

पार्सल आले ते लाकडी पेटीत, आत निळी मखमल, वर काच. खोटे कशाला बोलू, पेटी उघडल्यावर क्षणभर मलाही बरे वाटले. साच्याचे काम स्वच्छ होते, अक्षरे उठावदार होती, खडे एका पातळीत बसलेले होते. सगळे काम यंत्राचे होते हे उघड आहे, पण यंत्राने केलेले चांगले काम चांगलेच म्हणायला हवे. मग सवयीने मी ती हातात तोलली आणि हात म्हणाला की, एवढ्या आकाराला हे वजन कमी आहे. काट्यावर ती 41 ग्रॅम भरली. दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत तोलली तेव्हा 35 भरली, म्हणजे तिने आपल्या आकारमानाचे 6 ग्रॅम पाणी हटवले. 41 ला 6 ने भागले तर उत्तर पावणेसातच्या आसपास येते. पितळ असते तर हा आकडा आठाच्या पुढे गेला असता, चांदीचा साडेदहा येतो आणि शुद्ध सोन्याचा 19.3. तेव्हा आतला ऐवज जस्ताचा मिश्रधातू होता, ज्याचे दरवाज्यांच्या कड्या नि नळांच्या मुठी ओततात तोच. त्यावर तांब्याचा हात, आणि सर्वांत वर सोन्याचा मुलामा. असा स्वस्त मुलामा बहुधा अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असतो. आपला एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजावे. हाच आकार 14 कॅरेट सोन्यात ओतायचा म्हटला तर वजन पाऊणशे ग्रॅमच्या वर जाईल, आणि तोळ्याला लाख रुपयेच दर धरला तरी नुसत्या सोन्याचेच साडेचार लाख होतील. घडणावळ आणि हिरे निराळेच.

हे सगळे मी नातवाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “आजोबा, साडेअठराशेला सोनं मिळत नाही हे मला ठाऊक हाय की.” त्याचे म्हणणे रास्त होते. तो फसला नव्हता. त्याला आठवण हवी होती आणि ती त्याला मिळाली होती. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत रात्रभर ती त्याच्या बोटात होती. बेळगावची मिरवणूक, त्यात पाऊस, घाम आणि गुलाल. दुसऱ्या दिवशी कपिलेश्वर तलावावरून परतला तो बोटाला हिरवे कडे घेऊनच. मुलामा कडेने उडाला होता आणि खालचे तांबे घामाने कळकले होते. साबणाने दोन दिवसांत बोट स्वच्छ झाले, अंगठी पेटीत गेली आणि तो विषयही संपला. अशा वस्तूंमध्ये मुलाम्याखाली कधी निकेलचाही थर असतो; तो ज्यांच्या त्वचेला सोसत नाही त्यांना खाज सुटते, पुरळ उठते, एवढी सूचना घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. बाकी हिरव्या बोटाने कोणी मरत नाही.

मला हे पत्र लिहायला लावले ते पुढच्या प्रसंगाने. दिवाळीनंतर एके दुपारी मी आमच्या गल्लीतल्या एका जुन्या पेढीवर गप्पा मारत बसलो होतो. वडगावकडची एक बाई आली, पदराच्या गाठीतून तिने अगदी नातवाच्या अंगठीसारखीच अंगठी काढली आणि गहाण ठेवायची म्हणून गादीवर ठेवली. मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता, जाताना कपाट आवरून गेला होता, आणि खोलीची अनामत भरायला त्याला पैसे पाठवायचे होते. ती अंगठी त्याने कशासाठी व कितीला घेतली हे तिला माहीत नव्हते. पेटीचा थाट आणि अंगठीचा आकार पाहून वस्तू मोठी असणार असे तिने धरून चालले होते. पेढीवाल्याने एका नजरेत ओळखले आणि सौम्यपणे सांगितले की, ही बेन्टेक्सची आहे, हिच्यावर काही देता येणार नाही. बाईंना ते पटेना. त्यांनी अंगठी उलटी करून आतली बाजू त्याच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “आतनं अठरा लिवलंय बघा की. अठरा कॅरेटचं हाय न्हवं?”

अंगठीच्या आत खरोखरच बारीक अक्षरांत 18 असे होते. तो विराट कोहलीच्या जर्सीचा आकडा होता.

पेढीवर कोणी हसले नाही, हे पेढीवाल्याच्या सौजन्याला धरूनच झाले. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावर जी शरम आली ती विनाकारण होती. त्या काही फसवायला आल्या नव्हत्या, आणि तरीही खोटा माल खपवायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे बाजूला बसलेले दोघे-तिघे त्यांच्याकडे पाहू लागले. मुलाला सगळे ठाऊक होते, आईला काहीच ठाऊक नव्हते, आणि ज्या वस्तूने ते सांगायचे ती वस्तू मुकी होती. विकत घेणाऱ्याला ठाऊक असते, या युक्तिवादातली खोट नेमकी येथे आहे. दागिना विकत घेणाऱ्याच्या हातात कायम राहत नाही. तो कपाटात जातो, आईच्या हाती लागतो, वाटणीत भावाकडे जातो, पन्नास वर्षांनी नातसुनेच्या डब्यात निघतो. तेव्हा माहिती डोक्यात असून भागत नाही. ती धातूवर असावी लागते.

हे शहाणपण माझे नाही, माझ्या वडिलांचे आहे. माझे मामा कुस्ती खेळत. आमच्या आनंदवाडीच्या आखाड्यातले मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिथली माती आणि हलगी याबद्दल निराळे सांगायला नको. मामांना एका मोठ्या मैदानात वीस तोळ्यांचे चांदीचे भरीव कडे मिळाले होते. ते वारल्यावर दोन्ही मुलांना ते कडे हवे होते. शेत वाटता आले, घर वाटता आले, कडे वाटता येईना. शेवटी मोठ्याने मूळ कडे ठेवावे आणि धाकट्याला हुबेहूब दुसरे करून द्यावे असे ठरले, आणि ते काम माझ्याकडे आले. मी तेव्हा पंचविशीत होतो, हातात खुमखुमी होती. मूळ कड्यावरचा प्रत्येक ओरखडा, एका बाजूची झीज, मोगरीचा एक चुकलेला घाव, सगळे मी नव्या कड्यावर उतरवले आणि अभिमानाने वडिलांपुढे ठेवले. त्यांनी दोन्ही कडी उलटसुलट करून पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “काम उत्तम झाले. आता आतल्या अंगाला ‘नक्कल’ म्हणून ठोक.” मला राग आला. इतक्या मेहनतीवर स्वतःच्याच हाताने तो शब्द ठोकायचा! पण वडिलांपुढे बोलायची सोय नव्हती. मी पोलादी ठसा घेतला आणि आतून, अंगाला लागणाऱ्या बाजूला, तीन अक्षरे ठोकली.

आज त्या गोष्टीला पंचेचाळीस वर्षे होत आली. दोन्ही मामेभाऊ गेले. मध्यंतरी घर पाडताना सामान हलवाहलव झाली आणि दोन्ही कडी एकाच पेटीत सापडली. कोणते कोणाचे, यावर पुढच्या पिढीत तंटा व्हायला एवढे पुरेसे होते. माझ्याकडे आणली, तर मला स्वतःला बाहेरून ओळखता येईनात, इतकी ती माझ्या दुर्दैवाने चांगली उतरली होती. आत भिंग धरले, अक्षरे दिसली, आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटला. धाकट्याच्या घरच्यांनी ते नकलेचे कडे पुन्हा तितक्याच मानाने देवघरात नेऊन ठेवले, हे मुद्दाम नमूद करतो. त्या शब्दाने कड्याची किंमत तिळभर कमी झाली नाही.

तोच न्याय या अंगठ्यांना लावावा अशी माझी मागणी आहे. अंगठीच्या आतल्या अंगाला, जेथे घालणाऱ्याखेरीज कोणाची नजर जात नाही तेथे, ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि धातूचे नाव साच्यातच असावे. एकदा साच्यात अक्षरे बसवली की पुढच्या हजार अंगठ्यांवर ती आपोआप येतात. त्याला वेगळी मजुरी पडत नाही, हे मी ओतकाम केलेला माणूस म्हणून सांगतो. यात नवे असे काही नाही. ज्या अमेरिकेतून ही हौस आली तेथेच जुन्या नाण्यांच्या नकलांवर ‘कॉपी’ हा शब्द कायमचा उठवला पाहिजे असा कायदा 1973 पासून आहे, आणि त्यामुळे नाण्यांच्या नकला घेणारे शौकीन कमी झाले असे कोणी म्हणत नाही. काही तरुण वाचक म्हणतील की, आत तसे लिहिल्याने मजा जाते. ज्याची मजा लोकांना ती खरी वाटण्यावरच अवलंबून आहे, त्याला आठवण नको असून थाप हवी आहे, असे मी स्पष्टच म्हणेन.

आठवणीचा मुद्दा निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, कारण या अंगठ्यांमधले जे खरे कौतुकाचे आहे ते नकलेत नेमके हरवते. अमेरिकेतील न्यू इंग्लंड पॅट्रियट्स हा संघ फेब्रुवारी 2017 मधील अंतिम सामन्यात अटलांटाविरुद्ध 28 विरुद्ध 3 असा पिछाडीवर पडला होता आणि तेथून त्याने सामना जिंकला. त्यानंतर त्यांनी जी अंगठी घडवली तिच्यात मोजून 283 हिरे बसवले. अठ्ठावीस आणि तीन. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने 1908 नंतर थेट 2016 मध्ये विजेतेपद मिळवले, तर त्यांच्या अंगठीच्या दर्शनी भागाभोवती 108 हिरे आहेत. म्हणजे चांगली अंगठी ही त्या हंगामाची कुंडलीच असते. खड्यांची संख्या, आतली तारीख, कडेचे चिन्ह, सगळे काहीतरी बोलत असते. नातवाच्या अंगठीतले खडे मी भिंगाखाली मोजले. त्यांच्या संख्येचा सामन्यातल्या कोणत्याच आकड्याशी मेळ बसेना. साच्यात जितके मावले तितके घातले, एवढाच त्याचा अर्थ. एका प्रख्यात विजयाची आठवण म्हणून घेतलेल्या वस्तूत त्या विजयाविषयी एक अक्षरही नसावे, आणि दुसऱ्याच्या नावाचा नि मंडळाच्या चिन्हाचा मात्र ठसा असावा, हे मला उलटे वाटते. त्यातही ते चिन्ह नोंदणीकृत असेल तर परवानगीवाचून ते वापरणे 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली येते, हे विकणाऱ्यांनी आणि त्यांच्याकडून ठोक माल आणून येथे टेबल मांडणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. मंडळानेच परवाना देऊन चाहत्यांसाठी साधी, स्वस्त, स्पष्टपणे ‘प्रतिकृती’ लिहिलेली अंगठी काढली तर हा सारा काळाबाजार निम्म्याने आटेल.

त्याच विक्रेत्याच्या पानावर नातवाने मला आणखी एक चमत्कार दाखवला. तेथे 1983 च्या विश्वविजयाची अंगठीही विक्रीला होती, आणि तीही ‘ओरिजिनल डिझाइन’ म्हणून. 25 जून 1983 ची ती संध्याकाळ मी पेढीच्या ओट्यावर, रेडिओला कान लावून बसलेल्या तीस-चाळीस माणसांत काढली आहे. भारताच्या 183 धावा झाल्या तेव्हा निम्मे लोक उठून घरी गेले होते, आणि वेस्ट इंडिजचा डाव 140 वर संपला तेव्हा तेच लोक धावत परत आले. त्या संघाला तेव्हा कोणी अंगठी दिली नव्हती. द्यायला मंडळाकडे पैसेच नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला लाखभर रुपये मिळाले. तेव्हा 1983 ची ‘ओरिजिनल’ अंगठी ही ज्या वस्तूचा मूळ नमुनाच नाही तिची नक्कल आहे. चाळीस वर्षांनंतर एखाद्या पोराला ती आजोबांच्या कपाटात सापडेल, आणि कपिल देवच्या संघाला अंगठ्या मिळाल्या होत्या असे तो छातीठोकपणे सांगेल. साच्यातल्या एका शब्दाअभावी इतिहासही असा बिघडतो.

आता ज्यांनी अशी वस्तू घेतली आहे किंवा घ्यायचे मनात आहे त्यांच्यासाठी व्यवहाराचे दोन शब्द. ऑनलाइन विक्रीसाठी 2020 पासून जे नियम लागू आहेत त्यांनुसार वस्तू कोणत्या देशात बनली हे आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता गिऱ्हाइकाला दिसेल असे देणे बंधनकारक आहे. तक्रार आल्यावर 48 तासांत तिची पोच आणि महिनाभरात तिचा निकाल मिळायला हवा. तो न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेथे मराठीतूनही बोलता येते, हे सीमाभागातील वाचकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण कोणत्या भाषेत तक्रार करावी या विचारातच आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी राहून जातात. माझ्या नातवाने विक्रेत्याला पाठवलेल्या तीन संदेशांना उत्तर आले नव्हते. हेल्पलाइनवर नोंद केल्यावर नवव्या दिवशी पैसे परत आले आणि अंगठी त्याच्याकडेच राहिली. आणि कोणी अशी अंगठी खऱ्या सोन्याची म्हणून विकू लागला, तर आत तीन गोष्टी पाहाव्यात: बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, त्रिकोणी चिन्ह, कॅरेट व शुद्धतेचा आकडा, जसे 22 साठी 916, 18 साठी 750 आणि 14 साठी 585, आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे सोने विकता येत नाही, आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. नुसता 18 हा आकडा पाहून भुलू नये. त्या बाईंना हे मी त्या दुपारी सांगायला हवे होते. मला सुचले तोवर त्या निघून गेल्या होत्या.

नुसती टीका करून थांबणे मला जमत नाही, म्हणून गेल्या थंडीत मी एक उद्योग केला. आमच्यापासून जवळच, निपाणीच्या पलीकडे, हुपरी हे चांदीच्या कारागिरीचे गाव आहे. पैंजण म्हटले की हुपरीचे नाव आधी येते. तेथल्या एका जुन्या परिचिताकडून चांदीची साधी, रुंद पट्टीची अंगठी ओतून घेतली. वर अमेरिकन डायमंडचे सात खडे स्वतः बसवले, कारण सामना सात धावांनी जिंकला होता. कडेला एका बाजूला 176 आणि दुसऱ्या बाजूला 169 हे दोन्ही डावांचे आकडे कोरले. आत ‘29-6-2024, ब्रिजटाऊन’ आणि ‘चांदी’ असे ठोकले. कोणत्याही मंडळाचे चिन्ह नाही, कोणत्याही खेळाडूचे नाव नाही. घडणावळ घरचीच असल्यामुळे चांदी आणि खडे धरून खर्च ऑनलाइन अंगठीपेक्षा थोडा जास्त आला, पण ही अंगठी घामाने काळवंडली तरी चिंचेच्या पाण्याने लख्ख होते आणि मोडीत घातली तर चांदीचा भाव येतो. दोन खडे किंचित तिरके बसले आहेत. नजरेचा दोष, दुसरे काय. नातवाने ते ओळखले आणि तसेच राहू द्या म्हणाला. ही अंगठी कोणाचीच नक्कल नसल्यामुळे आत तो शब्द ठोकण्याचे कारण नव्हते, तरी ठसा उचलताना हात एकदा त्या अक्षरांकडे गेला, हे कबूल करतो.

अडचण पुढेच आहे. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेलाच हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हापासून माझी नात हटून बसली आहे की भावाला अंगठी मिळाली, तर तिलाही हवी. शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानात होते, त्यामुळे सांगलीची स्मृती मानधना ही आमचीच, असे ती वर मला ऐकवते. आणि स्मृतीच्या जर्सीचा क्रमांकही 18 च असल्यामुळे बाजारातली जुनीच अंगठी नाव बदलून नव्याने खपवायला काढतील, ही माझी भीती वेगळीच. तो सामना भारताने 52 धावांनी जिंकला. एका अंगठीत बावन्न खडे बसवणे माझ्या डोळ्यांना आता झेपणारे नाही. सराफ गल्लीतील एखादा तरुण कारागीर हे काम अंगावर घ्यायला तयार असेल, तर त्याने कोणत्याही दिवशी संध्याकाळी पाचनंतर घरी यावे. चांदी, खडे आणि चहा माझ्याकडे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त घडणकाम कारागीर,
शहापूर, बेळगाव